वैद्यकाच्या वाटेवरची सोबत

१८७३ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं तेथील कृष्णवर्णीय लोकांना दास्यांतून सोडविलें, त्यांना तें अर्पण केलें. या दूरच्या प्रश्नाकडे महाराष्ट्राचें लक्ष लागलें त्याला आतां दीडशें वर्षें होऊन गेलीं. परंतु पायांतील बेडी तुटणें ही एक गोष्ट, आणि जेथें जावयाचें आहे तेथवर पोहोंचणें ही दुसरी गोष्ट. दास्य संपल्यावरही त्या लोकांच्या मुलांपुढें जे दरवाजे बंद राहिले, त्यांत वैद्यकशाळेचा दरवाजा फार जड होता. तो उघडावा म्हणून त्या देशांत काय काय करून पाहिलें, आणि त्यांतलें कोणतें खरोखर उपयोगी पडलें, हें आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

‘अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना साह्य’ हे शब्द कानांवर पडले कीं आपल्या मनांत बहुधा दोनच गोष्टी उभ्या राहतात : शिष्यवृत्ति आणि राखून ठेवलेल्या जागा. या दोन्ही गोष्टींचें मोल मोठें आहे, आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु अमेरिकेंतील अनुभव बारकाईनें पाहिला तर असें दिसतें कीं, पुष्कळ विद्यार्थी दारांत अडत नाहींत. दारापर्यंतच्या वाटेवर ते एकटे पडतात आणि मागें फिरतात. म्हणून खरें साह्य म्हणजे सोबत. ही सोबत दयेची नसते. ती कामाची, शिस्तीची आणि जाणतेपणाची असावी लागते.

प्रथम परिस्थिति काय आहे तें पाहूं. अमेरिकेच्या लोकसंख्येंत कृष्णवर्णीय लोक शेंकडा १३ च्या आसपास आहेत. डॉक्टरांत मात्र त्यांचें प्रमाण शेंकडा ५ ते ६ एवढेंच आहे. ही तूट आपोआप पडलेली नाहीं. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञानें कार्नेगी संस्थेच्या वतीनें अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकशाळा पाहून एक अहवाल लिहिला. त्या काळीं कित्येक वैद्यकशाळा म्हणजे पदव्यांचीं दुकानेंच होतीं. प्रयोगशाळा नाहीं, रुग्णालय नाहीं, अशी अवस्था होती. तीं दुकानें बंद व्हावीं हा अहवालाचा हेतु योग्यच होता. परंतु त्या वेळीं कृष्णवर्णीयांसाठीं सात वैद्यकशाळा चालू होत्या. त्यांपैकीं वॉशिंग्टनची हॉवर्ड व नॅशव्हिलची मेहॅरी या दोनच जोपासण्याजोग्या आहेत, असें फ्लेक्सनरचें मत पडलें. उरलेल्या पांच शाळा पुढील कांहीं वर्षांत बंद पडल्या. गोऱ्यांच्या शाळांना त्यांच्यांतील उणिवा दूर करण्यास धनिकांचा पैसा मिळाला. या पांच शाळांना तो कोण देणार? शिवाय कृष्णवर्णीय डॉक्टरानें शस्त्रक्रियेपेक्षां आरोग्यरक्षणाचे नियम शिकून आपल्याच लोकांत काम करावें, अशीही त्या अहवालाची दृष्टि होती.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज बांधला आहे कीं, त्या पांच शाळा चालू राहिल्या असत्या तर २०१९ पर्यंत आणखी सुमारें ३५,००० पदवीधर तेथून बाहेर पडले असते. आणि एक डॉक्टर म्हणजे केवळ एक डॉक्टर नव्हे. तो कोणाचा काका असतो, कोणाचा शेजारी असतो. त्याला पाहून गल्लींतल्या चार मुलांना वाटतें कीं आपणही असें व्हावें. आणि कसें व्हावें हें त्याला विचारतांही येतें. ३५,००० डॉक्टर घडले नाहींत, म्हणजे असे ३५,००० काका आणि शेजारी त्या समाजाला मिळाले नाहींत.

जाणत्या माणसाची ही सोबत काय करूं शकते, याचें एक उदाहरण आपल्या ओळखीच्या जागीं सांपडतें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून १८८६ च्या मार्चांत आनंदीबाई जोशी यांनीं पदवी घेतली, हें आपल्याकडे शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. आनंदीबाई तेथून बाहेर पडल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस सुसान ला फ्लेश नांवाची एक तरुणी त्याच महाविद्यालयांत दाखल झाली. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं ओमाहा जमातीची. लहानपणीं आपल्या वस्तींत एक म्हातारी वैद्याची वाट पाहतां पाहतां मरण पावलेली तिनें पाहिली होती; निरोप वारंवार धाडूनही सरकारी डॉक्टर आला नव्हता.

या दोघींपैकीं एक पुण्या-कल्याणकडची, दुसरी नेब्रास्काच्या माळरानावरची. परंतु दोघींना जें साह्य झालें तें एकाच जातीचें होतें. आनंदीबाईंना न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं आपल्या घरांत मुलीसारखें ठेवून घेतलें. सुसान व्हर्जिनियांतील ज्या शाळेंत शिकत होती, तेथील डॉक्टरीणबाई मार्था वॉल्ड्रन या फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयाच्या पदवीधर होत्या. त्यांनीं या मुलीचें पाणी ओळखून तिला त्या वाटेवर घातलें. कनेटिकट प्रांतांतील स्त्रियांच्या एका मंडळानें तिच्या खर्चाचा भार उचलला. १८८९ सालीं ३६ विद्यार्थिनींच्या वर्गांत ती पहिली आली, आणि मूळ रहिवाशांपैकीं वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री ठरली. पदवी घेऊन ती आपल्या माणसांत परत गेली. सुमारें १,२०० लोकांची शुश्रूषा घोड्यावरून आणि बग्गींतून हिंडून तिनें केली. आणि १९१३ सालीं वॉल्टहिल येथें रुग्णालय उभारलें.

तीन गोष्टी येथें एकत्र आल्या आहेत हें ध्यानांत घ्या : पैसा, आश्रय, आणि वाट ठाऊक असलेलें माणूस. बुद्धि आणि निग्रह हीं त्यांचीं स्वतःचीं होतीं. तीं त्यांना कोणीं दिलीं नाहींत. परंतु हें साह्य भाग्यानें मिळालेलें साह्य होतें. कार्पेंटरबाई भेटल्या नसत्या तर? डॉक्टरीणबाईंचें लक्ष गेलें नसतें तर? एकदोघींना भाग्यानें जें लाभलें तें शेंकडों मुलांना नियमानें कसें लाभेल, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं अमेरिकेंतील वैद्यकशिक्षणाचा क्रम समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे बारावीनंतर मुलगा थेट वैद्यकीय महाविद्यालयांत जातो. तेथें तसें नाहीं. प्रथम चार वर्षें साध्या महाविद्यालयांत काढावयाचीं. त्यांत रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान हे विषय चांगल्या गुणांनीं पार करावयाचे. मग एक मोठी प्रवेशपरीक्षा द्यावयाची. प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें मिळवावयाचीं. अनेक ठिकाणीं अर्ज करावयाचे आणि मुलाखतींना जावयाचें. हें सर्व साधल्यावर वैद्यकाचीं चार वर्षें, आणि त्यानंतर रुग्णालयांतील उमेदवारीचीं तीन ते सात वर्षें.

या लांबलचक वाटेवर पहिली गळती होते ती अगदीं आरंभीं, रसायनाच्या आणि गणिताच्या वर्गांत. पहिल्या सत्रांत एक परीक्षा बिघडते. आजवर शाळेंत पहिला येणारा मुलगा आपला कागद घडी घालून खिशांत ठेवतो, कोणाला दाखवीत नाहीं, आणि मनाशीं म्हणतो, ‘हें आपलें काम नव्हे.’ दुसऱ्या वर्षीं तो विषय बदलतो. त्यानें अर्जच केलेला नसल्यामुळें त्याला कोणी नाकारलेलें नसतें. आणि म्हणून त्याचें नांव कोणत्याही हिशेबांत येत नाहीं.

हा मुलगा का अडखळतो, याचा फार उद्बोधक शोध १९७० नंतरच्या काळांत युरी ट्रीजमन नांवाच्या एका तरुण गणितज्ञानें कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत केला. तेथें कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राच्या पहिल्या वर्गांत मोठ्या संख्येनें नापास होत, आणि चिनी घरांतील विद्यार्थी चमकत. कारणें विचारल्यावर प्राध्यापकांनीं ठराविक उत्तरें दिलीं : मुलांना जिद्द नाहीं, पूर्वतयारी कच्ची आहे, घरच्यांना शिक्षणाची आस्था नाहीं, पैशाची अडचण आहे. ट्रीजमननें दोन्ही गटांतील वीस वीस मुलांच्या मागें राहून तीं अभ्यास कसा करतात हें पाहिलें, आणि हीं उत्तरें टिकेनात. जिद्द होती, घरच्यांनीं तर पोटाला चिमटा घेऊन मुलांना पाठविलें होतें. फरक निराळाच होता. कृष्णवर्णीय मुलगा वर्ग सुटल्यावर आपल्या खोलींत जाऊन एकटा अभ्यास करी. शाळेंत असतांना आजूबाजूच्या उनाडक्यांपासून दूर राहूनच तो वर आला होता. एकटेपणा हेंच त्याच्या यशाचें साधन होतें. चिनी मुलें मात्र आधीं स्वतंत्रपणें उदाहरणें सोडवीत आणि मग एकत्र जमत, एकमेकांचें काम तपासत, अडलें तेथें वाद घालीत. एखादें उदाहरण कोणालाच सुटलें नाहीं, तर तें मुळांतच कठीण आहे हें त्यांना कळे. एकट्याला मात्र तें सुटलें नाहीं कीं वाटे, आपणच मंद आहों.

यावर ट्रीजमननें जो उपाय योजला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यानें ‘मागें पडलेल्यांसाठीं’ वर्ग काढला नाहीं. उलट, हुशार मुलांसाठीं म्हणून मंडळें काढलीं, आणि त्यांत नेहमींपेक्षां अधिक कठीण उदाहरणें दिलीं. मुलांनीं तीं गटागटानें सोडवावीं आणि शिक्षकानें जवळ राहून पाहावें, एवढाच त्याचा क्रम. या मंडळांतील मुलांचे निकाल पालटले. दया दाखविली असती तर मुलांना वाटलें असतें कीं आपण कमी आहों. कठीण काम दिलें, म्हणून त्यांना वाटलें कीं आपल्याकडून कांहीं अपेक्षा आहे.

हीच सोबत एखाद्या सबंध संस्थेनें आपला नियम केली तर काय होतें, हें पाहण्यासाठीं दक्षिणेंतील न्यू ऑर्लिअन्स शहरीं जावें लागेल. तेथें झेविअर नांवाचें एक लहानसें विद्यापीठ आहे. फिलाडेल्फियांतील एका धनाढ्य पेढीवाल्याची कन्या कॅथरिन ड्रेक्सेल हिनें संन्यासदीक्षा घेऊन आपली संपत्ति कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्या शिक्षणाला वाहिली. तिनें १९१५ सालीं येथें शाळा काढली, आणि १९२५ सालीं तिचें महाविद्यालय झालें. संस्थेचें भांडवल मोठमोठ्या विद्यापीठांच्या मानानें तुटपुंजें. येणारीं मुलें बहुतेक सामान्य शाळांतून आलेलीं. तरीही, वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन शिक्षण पुरें करणाऱ्या कृष्णवर्णीय पदवीधरांची मोजदाद केली तर गडगंज विद्यापीठांना मागें टाकून या संस्थेनें वर्षानुवर्षें पहिला क्रमांक राखला आहे.

यामागें कोणतीही जादू नाहीं. १९६८ पासून २०१५ पर्यंत नॉर्मन फ्रान्सिस हे या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दींत रसायनाचे प्राध्यापक कार्मायकेल व त्यांचे सहकारी यांनीं शिकविण्याची एक रीत बसविली. पहिल्या वर्षाचे विषय ज्या त्या प्राध्यापकाच्या लहरीवर सोडावयाचे नाहींत. विभागांतील सर्वांनीं बसून एक सामायिक वही तयार करावयाची, आणि कोणत्या आठवड्यांत मुलाला काय आलें पाहिजे हें तींत स्पष्ट लिहावयाचें. लहान लहान चाचण्या वरचेवर घ्यावयाच्या, म्हणजे मूल अडखळतें आहे हें सत्राच्या शेवटीं न कळतां दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांतच कळतें. उदाहरणें गटानें सोडवावयाचीं, आणि विचार मोठ्यानें बोलून दाखवावयाचा. १९७७ पासून, महाविद्यालयांत येण्यापूर्वींच्या उन्हाळ्यांत तर्कशुद्ध विचाराचा व शब्दसंपत्तीचा सराव देणारे वर्ग सुरू झाले. पुढें शाळकरी मुलांसाठींही गणित, जीवशास्त्र व रसायन यांचे उन्हाळी वर्ग निघाले. आणि ज्याला डॉक्टर व्हावयाचें आहे, त्यानें कोणत्या महिन्यांत कोणती परीक्षा द्यावी, अर्ज केव्हां पाठवावा, शिफारसपत्र कोणाकडून घ्यावें, याची आठवण करून देणारी एक कचेरी असते. मुलानें दार ठोठावण्याची ती वाट पाहत नाहीं; तीच मुलाला बोलावून घेते.

२००५ च्या ऑगस्टांत कत्रिना वादळानें तें शहर बुडविलें, विद्यापीठाच्या इमारतींत पाणी शिरलें, विद्यार्थी देशभर पांगले. २००६ च्या जानेवारींत वर्ग पुन्हां भरले. जी सोबत नियमानें बांधलेली असते ती पुरांतही वाहून जात नाहीं.

आतां त्या कचेरीविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण हें साह्य डोळ्यांना दिसत नाहीं. डॉक्टराच्या घरांत वाढलेल्या मुलाला कित्येक गोष्टी जेवतां जेवतां कळतात. रुग्णालयांत कांहीं तास विनावेतन काम केलेलें असावें, एखाद्या डॉक्टराबरोबर हिंडून त्याचें काम पाहिलेलें असावें, मुलाखतींत काय विचारतात, हें त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. ज्याच्या घरांत पहिलें पुस्तक त्यानेंच आणलें, त्याला या गोष्टी कोण सांगणार? आणि सांगितल्या, तरी जो मुलगा संध्याकाळीं दुकानांत काम करून घरीं पैसे धाडतो, त्यानें विनावेतन काम करण्यास वेळ कोठून आणावा? परीक्षेची फी, अर्जांची फी, मुलाखतीचा प्रवास, हें सारें वेगळेंच. म्हणूनच रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानानें १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जे सहा आठवड्यांचे उन्हाळी वर्ग चालविले, त्यांत शास्त्रविषयांच्या जोडीला दवाखान्याची ओळख, वाट दाखविणारीं माणसें आणि राहण्या-जेवण्याची सोय या सर्वांचा मेळ घातला होता. हजारों विद्यार्थी त्यांतून पुढें गेले.

येथें कायद्याचाही विचार करावयास हवा. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील वैद्यकशाळेनें १०० पैकीं १६ जागा अल्पसंख्यांसाठीं राखल्या होत्या. १९७८ सालीं बाकी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा ठराविक जागा रद्द केल्या, मात्र प्रवेश देतांना वंश ही अनेकांतील एक बाब म्हणून विचारांत घेण्यास मुभा ठेविली. १९९१ सालीं अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनें संकल्प सोडला कीं, २००० सालापर्यंत उपेक्षित समाजांतील ३,००० विद्यार्थी दरवर्षीं वैद्यकशाळेंत यावेत. आंकडा प्रथम वाढला. परंतु १९९६ सालीं कॅलिफोर्नियांत लोकमतानें आणि टेक्सासकडे न्यायालयाच्या निकालानें वंशाचा विचार करण्यास बंदी आली, आणि तो संकल्प अपुरा राहिला. शेवटीं २९ जून २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १९७८ ची मुभाही बहुतांशीं काढून घेतली.

या निकालाविषयीं मतें भिन्न आहेत आणि तीव्र आहेत. त्या वादांत मी शिरत नाहीं. परंतु एक गोष्ट उघड आहे. दार कायद्यानें उघडतें आणि कायद्यानेंच मिटतें. वाटेवरची सोबत मात्र शिक्षकांच्या हातीं असते. आठवड्याची चाचणी घेण्यास, चार मुलांना एका टेबलाभोंवतीं बसविण्यास, अर्जाची तारीख सांगण्यास कोणत्याही न्यायालयानें मनाई केलेली नाहीं.

कोणी म्हणेल, ‘रोग्याला चांगला डॉक्टर हवा, तो कोणत्या समाजाचा आहे याच्याशीं त्याला काय कर्तव्य?’ हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु कॅलिफोर्नियांतील ऑकलंड शहरीं १,३०० हून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांवर एक प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१९ सालीं एका अर्थशास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. कोणाला कोणता डॉक्टर मिळावा हें दैवावर सोडलें होतें. ज्यांना आपल्या समाजाचा डॉक्टर भेटला, ते त्याच्याशीं अधिक बोलले. आणि मधुमेहाची, रक्तांतील स्निग्धांशाची तपासणी करून घेण्यास, विशेषतः सुई टोंचावी लागणाऱ्या तपासण्यांस, अधिक संख्येनें तयार झाले. औषध तेंच, सुई तीच. विश्वास मात्र निराळा. ज्या समाजावर पिढ्यान्पिढ्या अन्याय झाला, त्याचा विश्वास बसणें हीही एक चिकित्साच आहे. दुर्लक्षिलेला मधुमेह आणि हृद्रोग माणसें मारतात. म्हणून रसायनाच्या वर्गांतून निमूटपणें उठून गेलेल्या त्या मुलाचा प्रश्न केवळ त्याच्या नोकरीचा राहत नाहीं, तो दूरच्या कोण्या रोग्याच्या आयुष्याचा होतो.

दुसरा आक्षेप असा कीं, अशा साह्यानें पातळी खालावते. झेविअर आणि बर्कले येथील अनुभव नेमका उलटा आहे. तेथें उदाहरणें सोपीं केलीं नाहींत, कठीण केलीं. परीक्षा कमी केल्या नाहींत, वाढविल्या. शिखराची उंची तीच राहिली. चढणाराला दोर मिळाला आणि बरोबर चढणारे गडी मिळाले. अनुभवी गिर्यारोहकही दोराशिवाय चढत नाहीं, आणि त्याबद्दल त्याला कोणी दुबळा म्हणत नाहीं.

२०२४ सालीं झेविअर विद्यापीठानें ऑक्सनर या रुग्णालयसंस्थेच्या सहकार्यानें स्वतःचें वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचें जाहीर केलें. जी संस्था इतकीं वर्षें दुसऱ्यांच्या दारापर्यंत मुलांना पोहोंचवीत आली, ती आतां स्वतःचें दार उभारावयास निघाली आहे. १९१० नंतर मिटलेल्या पांच दारांची भरपाई एका दारानें होणार नाहीं. परंतु ज्यांनीं वाट बांधली त्यांनींच दार बांधावें, यांत एक न्याय आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकजण शिक्षक असतील, डॉक्टर असतील, पालक असतील. मीं सांगितलेली हकीकत परदेशची आहे आणि तेथील इतिहास आपला नव्हे. तथापि, परीक्षेचा कागद घडी घालून खिशांत ठेवणारा मुलगा कोणत्याही देशांत ओळखूं येतो. तो मदत मागावयास येणार नाहीं. आजवर न मागतांच तो इथवर आलेला असतो. त्याला हांक मारणें हें ज्याला वाट ठाऊक आहे त्याचें काम आहे.